जुने औद्योगिक शिलाई यंत्र : राखावे काय, बदलावे काय

आम्ही विद्यालयाच्या शिवणविभागात काम करतो, त्यामुळे माजी विद्यार्थी व पालक एक प्रश्न आम्हांस वरचेवर विचारीत असतात : ‘कारखान्यातून निघालेले जुने जुकी मशीन मिळते आहे, घ्यावे काय?’ विचारणाऱ्याच्या हाती बहुधा बचत गटातून काढलेले कर्ज असते, अथवा कित्येक महिन्यांच्या मजुरीतून बाजूला टाकलेली रक्कम असते. यंत्र चांगले निघाले तर घरबसल्या चार पैसे मिळतील. बिघडलेले निघाले तर रक्कम जाईल आणि कर्जाचे हप्ते मात्र राहतील, ही चिंता त्या प्रश्नामागे असते. तेव्हा ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. आमच्या विभागात देणगीदाखल आलेले असेच एक जुने यंत्र आम्ही उघडले, स्वच्छ केले, त्याची मोटार बदलली आणि ते पुन्हा कामास लावले. त्या कामातून जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने क्रमवार मांडीत आहोत.

‘जुकी’ हे वस्तुतः एका जपानी कंपनीचे नाव आहे. आपल्याकडे मात्र सरळ टाक्याच्या कोणत्याही वेगवान औद्योगिक यंत्राला, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, ‘जुकी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. घरातील पायमशीन आणि हे यंत्र यांत मूलभूत फरक आहे. पायमशीन अधूनमधून वापरण्यासाठी असते. औद्योगिक यंत्र एकच काम, म्हणजे सरळ टाका घालणे, दिवसभर न थांबता करण्यासाठी घडवलेले असते. त्याचा बिडाचा जड वरचा भाग, ज्याला कारागीर ‘हेड’ म्हणतात, टेबलाच्या खाचेत बसवलेला असतो. मोटार टेबलाखाली असते आणि हेडच्या तळाशी तेलाचा ट्रे असतो. जुकीच्या डीडीएल-८७०० या सर्वपरिचित नमुन्याची कमाल गती कंपनीने मिनिटास ५,५०० टाके अशी दिली आहे. पायाने चालवलेले यंत्र त्याच्या आसपासही पोहोचत नाही.

टाका कसा पडतो

दुरुस्ती समजण्यासाठी आधी टाका समजला पाहिजे. हाताने शिवताना एकच दोरा सुईसोबत कापडाच्या आरपार जातो. यंत्रात तसे होत नाही. येथे दोरे दोन असतात. वरचा दोरा सुईतून कापडाखाली जातो, परंतु सुई पूर्णपणे पार न होता मागे फिरते. तिचे नेढे वरच्या बाजूस नसून टोकाशी असते. सुई वर येऊ लागली की नेढ्यामागे दोऱ्याचा लहानसा फुगवटा तयार होतो. खाली फिरणाऱ्या हुकाचे टोक नेमके त्याच क्षणी त्या फुगवट्यात शिरते, त्याला रुंद करते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते. अशा रीतीने खालचा दोरा वरच्या दोऱ्याच्या फासात अडकतो आणि वरचा हात, म्हणजे दोरा ओढणारा लिव्हर, तो फास कापडाच्या मधोमध ओढून घेतो. दोन दोऱ्यांच्या या गुंफणीमुळे हा टाका एका ठिकाणी तुटला तरी सरळ उसवत जात नाही.

या रचनेचा इतिहास जुना आहे. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए यांना १८३० मध्ये शिलाई यंत्राचे पेटंट मिळाले. मात्र त्यांचा टाका एकाच दोऱ्याच्या साखळीचा होता. अमेरिकेतील एलियस हाऊ यांनी १८४६ मध्ये टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारा धोटा यांचा मेळ घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १८५१ मध्ये अ‍ॅलन विल्सन यांनी मागेपुढे धावणाऱ्या धोट्याऐवजी गोल फिरणारा हुक आणला, आणि १८५४ मध्ये कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांची चार टप्प्यांची चाल पेटंट केली : दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली जातात आणि मागे परततात. आजच्या नव्याकोऱ्या औद्योगिक यंत्राच्या पोटातही गोल फिरणारा हुक आणि चार टप्प्यांची ही चाल याच दोन कल्पना काम करीत असतात. घडणावळ सुधारली, तेलाचा पंप आला, गती वाढली. टाका पडण्याची मूळ रीत तीच राहिली.

बदलत गेले ते यंत्र फिरवण्याचे साधन. प्रथम हात, नंतर पाय, नंतर कारखान्यातील सामाईक दांडा व पट्टे, पुढे प्रत्येक टेबलाखाली स्वतंत्र क्लच मोटार आणि अलीकडे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची सर्व्हो मोटार, असा हा क्रम आहे. जुन्या यंत्राविषयीचे आमचे सांगणे यातच सामावले आहे. टाका घालणारा भाग शाबूत असेल तर तो राखावा, कारण त्यात जुने होण्यासारखे थोडे आहे. यंत्र फिरवणारा भाग बदलावा, कारण काळाचा खरा फरक तेथेच पडला आहे.

घेण्यापूर्वीची पाहणी

हेड शाबूत आहे की नाही हे ठरवण्यासाठी कारागीरच हवा असे नाही. रंग उडालेला, टेबलाचा सनमायका निघालेला, एवढ्यावरून यंत्र नाकारू नये. उलट नव्या रंगाच्या चकाकीवर विश्वासही ठेवू नये. पुढील गोष्टी मात्र अवश्य पाहाव्यात.

प्रथम वीज बंद ठेवून पट्टा उतरवावा आणि हातचाक हाताने सावकाश फिरवावे. चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येईल, ही या यंत्रांची सुलट दिशा होय. पूर्ण फेरीत चाक सारखेच हलके फिरले पाहिजे. सर्वत्र सारखेच जड जात असेल तर बहुधा तेल वाळून चिकट झाले आहे. हा दोष साफसफाईने जातो. परंतु फेरीत एकाच ठिकाणी अडत असेल, किंवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असेल, तर आत काही वाकले वा सरकले आहे असे समजावे.

दुसरे, सुईचा दांडा चिमटीत धरून आडवा हलवून पाहावा. जाणवण्याइतका खुळखुळाट असेल तर दांड्याची बुशिंगे झिजलेली आहेत. तसेच हातचाक आतबाहेर ढकलून पाहावे. तेथेही सैलपणा नसावा. झिजलेली बुशिंगे बदलता येतात, परंतु ते कुशल कारागिराचे आणि खर्चाचे काम आहे.

तिसरे, हेड मागे कलते करून तेलाचा ट्रे पाहावा. तेल काळे पडलेले असणे स्वाभाविक आहे. त्यात धातूचा चमकणारा कीस दिसला तर मात्र यंत्र कोरडे चालवले गेले आहे. हेडच्या बिडाला कोठे तडा गेला आहे काय तेही याच वेळी बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे. तडा गेलेले हेड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

चौथे, हुकाचे टोक, दाते आणि सुईखालची प्लेट पाहावी. टोक बोथट असेल, दात्यांची टोके सपाट झाली असतील, प्लेटच्या भोकाभोवती सुईचे घाव असतील तर घाबरण्याचे कारण नाही. हे झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत. या बांधणीची यंत्रे अनेक कंपन्या बनवीत असल्याने हे भाग बाजारात सहज मिळतात. त्यांची किंमत काढून ती यंत्राच्या किमतीतून वजा करून मागावी.

शेवटी, यंत्र चालू स्थितीत असेल तर विक्रेत्याच्या कापडावर नव्हे, आपण नेलेल्या कापडावर शिवून पाहावे. एक पातळ सुती तुकडा आणि एक जाड तुकडा, पँटच्या शिवणीसारखा चार पदरी, असे दोन नमुने न्यावेत. वर व खाली वेगवेगळ्या रंगांचे दोरे घालावेत. टाके सुटतात काय, उलट शिवण नीट होते काय, हे त्यावर लगेच दिसते.

साफसफाई आणि तेल

आमच्या विभागात आलेले यंत्र बराच काळ वापराविना पडून होते. चाक फिरत होते, पण जड. यंत्र दीर्घकाळ पडून राहिले की त्यातील तेलाचा पातळ अंश उडतो आणि धूळ व सुताची भुकटी मिळून त्याची राळ बनते. घरोघरी शिलाई यंत्राला खोबरेल घालण्याची सवय आहे, तिचा परिणाम याहून वाईट होतो. खोबरेल थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होते. खाद्यतेलही तसेच. शिलाई यंत्राचे तेल हे खनिज तेल असते. ते पाण्यासारखे पातळ, रंगहीन आणि न गोठणारे असते. वेगवान औद्योगिक यंत्राला तर ते फारच पातळ लागते, कारण पंपाने ते बारीक नळ्या व वातींतून वरच्या दांड्यापर्यंत चढवायचे असते. जाड इंजिन ऑइल घातल्यास ते वर पोहोचतच नाही.

सफाईचा क्रम असा ठेवावा. प्रथम वीज तोडून सुई, दाबपट्टी, प्लेट, दाते आणि बॉबिन केस काढून घ्यावेत. दात्यांखाली सुताचा घट्ट थर साचलेला असतो. तो टोकदार काडीने व ब्रशने काढावा. फुंकर मारून तो आत ढकलू नये. ट्रेमधील जुने तेल कापडाने टिपून काढावे, तळाशी असलेल्या पंपाची जाळी पुसावी. मग सांध्यांवर थोडे रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल घालून चाक हाताने फिरवीत राहावे. पहिल्या दिवशी जड जाणारे चाक दुसऱ्या दिवशी मोकळे होते. जोर लावून, हातोडी मारून ते मोकळे करू नये. रॉकेल हे वंगण नव्हे. ते राळ विरघळवते आणि सांधा कोरडा ठेवते. म्हणून सर्व सांधे मोकळे झाल्यावर ते पुसून घेऊन प्रत्येक ठिकाणी खरे यंत्रतेल द्यावे.

गंज काढताना एक पथ्य पाळावे. हातचाक, दाबपट्टीचा दांडा अशा बाहेरच्या भागांवर बारीक पॉलिश कागद चालतो. सुईचा दांडा, हुक आणि त्याचा दांडा यांवर तो चालवू नये. तेथील मापे अतिशय सूक्ष्म असतात, आणि सुईच्या दांड्यावर कोरलेल्या खुणा पुढील कामास हव्या असतात. हुकावर सुईने पडलेला बारीक ओरखडा तेवढा अगदी मऊ पॉलिश कागदाने हळुवार घासावा, कारण वरचा दोरा सारखा तुटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

सफाईनंतर ट्रेमध्ये वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे. यंत्र चालू केल्यावर हेडच्या माथ्यावरील पारदर्शक खिडकीत तेल उडताना दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर यंत्र तात्काळ थांबवावे. बराच काळ बंद असलेले यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पहिला महिनाभर पूर्ण गतीने पळवू नये.

सुई आणि हुक यांचा मेळ

यंत्र स्वच्छ झाल्यावर पुष्कळसे दोष आपोआप जातात. तरीही टाके सुटत असतील तर कारण शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम सुई बदलावी. औद्योगिक यंत्राची डीबी×१ जातीची सुई गोल दांड्याची असते, घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. दोहोंची लांबी भिन्न असल्याने एकीच्या जागी दुसरी चालत नाही. गोल दांड्यामुळे ती तिरपी बसण्याचा संभव असतो. तिची लांब खाच डावीकडे, म्हणजे ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूस, आणि नेढ्यावरची लहान खोबण उजवीकडे, हुकाच्या बाजूस असली पाहिजे. सुईचा क्रमांक कापडास जुळावा : पातळ कापडास ११, सर्वसाधारण गणवेशाच्या कापडास १४, जाड कापडास १६ अथवा १८.

नवी सुई सुलट बसवूनही टाके सुटले तरच हुकाचा मेळ तपासावा. त्याची दोन मापे महत्त्वाची आहेत. पहिले वेळेचे. सुई सर्वांत खालच्या स्थानावरून सुमारे २ मिलिमीटर वर आली की हुकाचे टोक सुईच्या मध्यरेषेशी यावे, आणि ते नेढ्याच्या किंचित वर असावे. हे माप डोळ्यांनी घेणे कठीण म्हणूनच सुईच्या दांड्यावर खुणांच्या रेषा कोरलेल्या असतात. सुई अगदी खाली असताना तिच्या जातीसाठी असलेली वरची रेषा बुशिंगच्या खालच्या कडेशी जुळवावी. मग चाक फिरवून खालची रेषा त्याच कडेशी आणावी. त्या क्षणी हुकाचे टोक सुईच्या मध्यावर असले पाहिजे. नसेल तर हुकाचे स्क्रू सैल करून तो तेथे आणावा.

दुसरे माप अंतराचे. हुकाचे टोक आणि सुईची खोबण यांत साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फट असावी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतकी किंवा तीहून कमी. फट जास्त झाली तर टाका सुटतो, कमी झाली तर टोक सुईला घासून दोन्ही खराब होतात. एका टाक्यामागे हुक दोन फेऱ्या फिरतो. मिनिटास ४,००० टाके पडत असतील तर हुक त्याच मिनिटात ८,००० वेळा फिरत असतो. एवढ्या गतीत ही बारीक फट किती मोलाची आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. प्रथमच करणाऱ्याने हे काम जाणत्या कारागिराच्या शेजारी बसून करावे. एकदा नीट पाहिले की पुढे स्वतः करता येते.

दात्यांची उंचीही याच वेळी पाहावी. ते सर्वांत वर असताना प्लेटच्या पृष्ठभागापेक्षा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर वर दिसावेत. पातळ कापडाला चुण्या पडत असतील तर ते थोडे खाली घ्यावेत. जाड कापड सरकत नसेल तर किंचित वर घ्यावेत.

मोटार बदलण्याचे कारण

येथवर केले ते राखण्याचे काम. आता बदलण्याचे. जुन्या यंत्रांखाली बहुधा क्लच मोटार असते. बटण दाबले की ती पूर्ण गतीने फिरू लागते आणि बटण बंद करीपर्यंत फिरतच राहते, शिवण चालू असो वा नसो. पायाखालची पट्टी दाबली की क्लचची चकती फिरत्या भागाला टेकते आणि यंत्र ओढले जाते. आपल्याकडील ५० हर्ट्‌झ विजेवर या मोटारी, त्यांच्या बांधणीनुसार, मिनिटास सुमारे १,४२५ किंवा २,८५० फेरे घेतात. यंत्राची गती काढण्याचा हिशेब सोपा आहे : मोटारीचे फेरे गुणिले मोटारीच्या पुलीचा व्यास, भागिले हातचाकाच्या पुलीचा व्यास. उदाहरणार्थ, २,८५० फेऱ्यांच्या मोटारीवर १०० मिलिमीटरची पुली आणि हातचाकावर ७० मिलिमीटरची पुली असेल तर यंत्र मिनिटास चार हजारांहून अधिक टाके घालील.

सरावलेला कारागीर पाय अर्धवट दाबून, क्लच घसरवत ही गती आवरतो. नवशिक्याच्या पायाला ते वळण नसते. पट्टी थोडी अधिक दाबली गेली की कापड हातातून ओढले जाते आणि बोटे सुईकडे जातात. आमच्या विभागात याच भीतीने विद्यार्थी या यंत्रापासून दूर राहत. पायमशीनवर सुबक शिवण करणारी मुलेमुलीही त्याच्यासमोर बसण्यास तयार नसत. वास्तविक बाहेर कारखान्यात काम मिळवायचे तर त्यांना याच यंत्रावर हात बसवणे आवश्यक होते. सोलापूरसारख्या ठिकाणी शालेय गणवेशांचा मोठा व्यवसाय उभा आहे. तेथे कामास जाणाऱ्याला पायमशीनचा अनुभव पुरत नाही.

सर्व्हो मोटारीने ही अडचण मुळापासून दूर केली. ती पाय दाबला तरच फिरते आणि पाय उचलला की थांबते. पाय किती दाबला त्या प्रमाणात गती कमीअधिक होते. शिवाय कमाल गतीवर बंधन घालता येते. नवशिक्यासाठी बंधन इतके खाली ठेवावे की पट्टी तळापर्यंत दाबली तरी टाके मोजता यावेत. सराव वाढेल तसे ते वाढवावे. येथे एक बारकावा आहे. नियंत्रकावर दिसणारा आकडा पुष्कळदा मोटारीच्या फेऱ्यांचा असतो, टाक्यांचा नव्हे. मोटारीवर ५० मिलिमीटरची पुली आणि हातचाकावर ७० ची असेल, तर आकडा १,००० दाखवीत असताना टाके सुमारे ७१४ पडतात.

दुसरा लाभ विजेचा आणि शांततेचा. शिवणकाम करणाऱ्याचा बराच वेळ कापड जुळवण्यात, वळवण्यात, दोरा कापण्यात जातो. या साऱ्या वेळात क्लच मोटार घोंघावत वीज खात असते, सर्व्हो मोटार स्वस्थ असते. राहत्या खोलीत, मुले अभ्यास करीत असताना शेजारी यंत्र चालवणाऱ्या आईला या शांततेचे मोल वेगळे सांगायला नको.

ही मोटार बसवण्यासाठी टेबल बदलावे लागत नाही. बहुतेक सर्व्हो मोटारी जुन्या मोटारीच्याच तीन भोकांत बसतात. दोन्ही पुल्या एका रेषेत आल्या पाहिजेत, अन्यथा पट्टा कडेने झिजतो. लहान पुली बसवल्यास पट्टाही लहान लागतो. पट्टा बोटाने मधोमध दाबला असता साधारण एक-दीड सेंटिमीटर खाली जावा. फार ताठ पट्टा बेअरिंगे खातो. नव्या मोटारीच्या फिरण्याची दिशा नियंत्रकावर निवडता येते. पहिल्यांदा सुरू करताना बॉबिन केस काढून ठेवून अगदी कमी गतीत चाक सुलट फिरते ना, ते पाहावे. विजेची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी आणि अर्थिंग असल्याची खात्री करावी, कारण सारे यंत्र धातूचे आहे आणि चालवणाऱ्याचा हात सतत त्यावर असतो. पट्ट्यावरचे झाकण आणि सुईजवळील बोटांचे संरक्षक कांबे जुन्या यंत्रांत बहुधा हरवलेले असतात. ते विकत घेऊन बसवल्यावाचून यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये.

सर्व्हो मोटारीला एक मर्यादाही आहे. स्वस्त मोटारी अगदी कमी गतीत जाड कापडावर दमतात. दप्तराच्या पट्ट्यावर किंवा जीन्सच्या जोडावर सुई अडते. लहान पुली लावल्यास गती उतरते पण सुईमागचा जोर वाढतो. सर्वसाधारण गणवेश, चादरी, उशांचे अभ्रे यांसाठी एवढे पुरते. केवळ जाड काम करायचे असेल तर त्यासाठीच बनवलेले वेगळे यंत्र घेणे बरे.

दोऱ्यांचा ताण आणि अखेरची चाचणी

नवी मोटार बसल्यावर दोऱ्यांचा ताण लावावा. आरंभ नेहमी खालून करावा. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडावी आणि हात हलकेच झटकावा. ती थोडीशी खाली घसरून थांबली तर ताण योग्य. सरसर खाली आली तर स्क्रू किंचित घट्ट करावा, जागची हललीच नाही तर किंचित सैल करावा. त्यानंतर वरचा ताण लावावा. दोन रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेल्या पट्टीवर खालचा रंग वर दिसला तर वरचा ताण अधिक आहे, वरचा रंग खाली दिसला तर तो कमी आहे. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात लपली म्हणजे ताण जुळला.

सुरक्षेची एक सवय आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला प्रथम लावतो. दोरा ओवताना, सुई बदलताना, बॉबिन काढताना वीज बंद करावी. यंत्राला क्लच मोटार असेल तर बटण बंद केल्यावरही ती काही काळ फिरत असते. तेव्हा बटण बंद करून पाय दाबून पाहावा आणि यंत्र हलत नाही याची खात्री झाल्यावरच हात सुईखाली न्यावा.

हिशेब

जुने यंत्र दुरुस्त करणे नेहमीच फायद्याचे असते असे आम्ही म्हणणार नाही. हेडची किंमत, सर्व्हो मोटार, हुक, दाते व प्लेटचा संच, बॉबिन केस, पट्टा, तेल, संरक्षक भाग, कारागिराची मजुरी आणि वाहतूक यांची बेरीज कागदावर मांडावी आणि तिच्या शेजारी नव्या यंत्राची किंमत लिहावी. बेरीज नव्या यंत्राच्या जवळ जात असेल तर नवे घ्यावे. नव्या यंत्रांत बहुधा मोटार हेडमध्येच बसवलेली असते. ती आटोपशीर असतात आणि वीजही कमी घेतात. मात्र त्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडल्यास त्याच कंपनीचा सुटा भाग शोधावा लागतो. जुन्या हेडखालची पट्ट्याची सर्व्हो मोटार बिघडली तर कोणत्याही कंपनीची दुसरी मोटार त्याच भोकांत बसते. तालुक्याच्या गावी, जेथे कारागीर लवकर मिळत नाही, तेथे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. बंद यंत्राच्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते आणि ती भरून निघत नाही.

आमच्या विभागातील यंत्रावर आता विद्यार्थी पाळीपाळीने बसतात. वसतिगृहातील चादरी, अभ्रे आणि गणवेशांची दुरुस्ती त्याच यंत्रावर होते. गतीचे बंधन कोणासाठी किती ठेवावे हे शिक्षक ठरवतात आणि ते वाढवून मिळावे यासाठी विद्यार्थ्यांत चढाओढ असते. ज्या यंत्राजवळ कोणी जात नव्हते त्यावर आता आपली पाळी चुकू नये म्हणून सारे दक्ष असतात.

माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंती एवढीच की, जुने यंत्र घेण्यापूर्वी त्यावर शिवलेला कापडाचा एक पातळ आणि एक जाड नमुना, दोन रंगांच्या दोऱ्यांसह, शिवणविभागात दाखवावा. हुकाच्या टोकाचे आणि तेलाच्या ट्रेचे छायाचित्र सोबत असल्यास अधिक चांगले. यंत्राविषयी जे त्या दोन तुकड्यांवरून कळते ते विक्रेत्याच्या शब्दांवरून कळत नाही. पैसे देण्यापूर्वी विचारलेला प्रश्न केव्हाही स्वस्त पडतो.